बाल्दिरीचा उजवा हात

बाल्दिरीचा उजवा हात छातीपर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. मोडलेला खांदा जुळला होता, सूजही उतरली होती. त्याला टेबलावर उताणा झोपवून, बोलण्यात गुंतवून मी हात वर न्यायचे, तेव्हा तो पार कानाच्या पलीकडे जायचा. उभा राहिला की पुन्हा छातीपाशी अडलाच. भिंतीवर बोटांनी चढायला सांगावं, तर बोटं मुंगीसारखी निघायची आणि मी खडूनं काढलेल्या पहिल्याच रेघेपाशी थबकायची.

"आळशी कुठला," मी म्हणायचे. "शाळेतही माझ्यामागे बसून माझंच बघून लिहायचास."

"तुझंच चुकायचं, म्हणून नापास झालो," तो म्हणायचा. त्याचा चेहरा मात्र हसत नसे.

बाल्दिरीच्या हेझलनटच्या बागा आहेत, पण गावात त्याची ओळख खांद्यांची. सणाला आम्ही चौकात माणसांचे मनोरे रचतो. त्यात बाल्दिरी दुसऱ्या थरावर आणि त्याच्या खांद्यांवर त्याचा जिवलग क्विर्झे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. गेल्या सांता उर्सुलाच्या सणाला मनोरा कोसळला. बाल्दिरीचा खांदा मोडला. क्विर्झे काही दिवसांनी हॉस्पिटलात वारला.

एक गोष्ट मला खटकत होती. माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याचं दार उंच आहे आणि बाल्दिरी बुटका, तरी तो आत येताना गुडघ्यांत वाकायचा, ताठ पाठीनं, जपून. एकदा मी थट्टेत विचारलं, "वर कोण बसलंय तुझ्या?"

"बसलेला नाही, उभा आहे," तो म्हणाला. "क्विर्झे."

मग मी टेबलावर त्याच्या शेजारी बसले आणि तो बोलत गेला. आमच्याकडे नियम एकच: शेजाऱ्याचे दंड धरायचे, मान खाली, आणि आभाळ कोसळलं तरी हात सोडायचा नाही. "त्याचा पाय थरथरला, नेउस. मी शेजाऱ्याला सोडलं आणि हात वर करून त्याची पोटरी धरली. मी हात वर केला, म्हणून सगळे पडले."

मला त्याचा रागही आला आणि रडूही. हात असाच धरून ठेवला असता, तर खांदा कायमचा आखडला असता. माझ्या विद्येत यावर इलाज नव्हता. मी सरळ क्विर्झेच्या बायकोला, मुंदेताला, बोलावून आणलं.

ती आली ती तरातरा. "मूर्खा, मला का नाही विचारलंस? त्याचा पाय आधीच निसटला होता, शुद्धीवर आला तेव्हा त्यानंच सांगितलं. म्हणाला, बाल्दिरीनं धरलं नसतं तर तिथंच संपलो असतो. तुझ्यामुळं तो माझ्याशी चार शब्द बोलून गेला. कर हात वर."

बाल्दिरी तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीसमोर उभा राहिला. हात छातीशी आला, थांबला, आणि निघाला. पहिली रेघ गेली, दुसरी गेली, हात डोक्याच्या वर गेला. मुंदेताला हुंदका फुटला. मी तर टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात त्याची बोटं मिटली. काहीतरी जाड, गोल धरावं तशी मिटली आणि मनगटाच्या शिरा फुगल्या.

"बास, छान झालं," मी म्हणाले. "आण आता खाली."

"कसा आणू?" तो अगदी हळू म्हणाला. "आता सोडला तर पडेल तो."

मग मुंदेता पुढं झाली आणि तिनं त्याचा डावा दंड घट्ट धरला. दुसऱ्या बाजूनं मी त्याला धरलं, मनोऱ्यात धरतात तसं. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. वर बघायची हिंमत मलाही झाली नाही.