बाटल्यांवरची रबरं आणि माझी जीभ

माझी धाकटी बहीण फोटोचे रोल धुते. आता रोल कोण वापरतं, असं ज्याला वाटतं त्याने आमच्या दुकानात येऊन बघावं. कुठून कुठून पाकिटं येतात! वर नाव माझं, आत चिठ्ठी, "ताईंनाच धुवायला सांगा." मला राग येत नाही. ताईंना शिकवलं कुणी? मी. आठवीत शाळेने मला सोडलं आणि मी डार्करूम धरली. धाकटी माझ्या मागे मागे तिथे शिरली ती शिरलीच.

आत गेली की कडी. आई हाका मारून दमू दे, छपराला आग लागू दे, रोल निघेपर्यंत दार उघडायची नाही. अख्ख्या बाजारात तिच्याइतका स्वच्छ रोल कुणी धुवून दाखवावा, मी मिशा काढीन.

एकाच गोष्टीवर आमचं वाजायचं. मी बोटाने काम करणारा माणूस. अंधारात बाटली कुठली, ते बोट बुडवलं की कळतं. चित्र उमटवणारा डेव्हलपर साबणासारखा बुळबुळीत, आणि ते पक्कं करणारा हायपो जिभेला लावला की गोडसर. वीस वर्षं चाटतोय, काय झालं मला? धाकटीने मात्र बाटल्यांना रबरं चढवली. एक रबर म्हणजे डेव्हलपर, दोन म्हणजे हायपो. आणि पाणी न घातलेल्या कडक अॅसिडच्या बाटलीला गळ्याशी सुतळी. वर मलाच शिकवायची, "दादा, आधी पाणी, मग त्यात अॅसिड. उलट केलंस तर तोंडावर उडेल."

"दुकान आहे का दवाखाना?" मी म्हणायचो.

मग तिची बोटं फुटली. लाल, खाजरी, सालं निघालेली. महिनाभर लपवली. एकदा तिच्या हातातून चहाचा कप सुटला तेव्हा आईने हात धरून पाहिले आणि तशीच डॉक्टरकडे नेली. डॉक्टर म्हणाला, डेव्हलपरची पावडर अंगाला सोसत नाही. "पंधरा दिवस त्या खोलीत जायचं नाही. नंतरही उघडा हात बुडवलात, तर हे काम कायमचं विसरा."

ती रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "दादा, रबरी हातमोजे आण. आणि हवा बाहेर फेकणारा पंखा."

"आपल्या घरात कुणी मोजे घालून काम केलंय?"

"आपल्या घरात कुणाची बोटं अशी सोललीत? मोजे आले तर मी येईन. नाहीतर समोरच्या शिंप्याकडे काजं करायला जाते."

"जा," मी म्हणालो. आता मी तरी काय म्हणणार?

चौथ्या दिवशी शाळेतल्या एका वर्गाचा फोटो काढून मी रोल आणला. मी कडी लावली, दिवा बंद केला. डेव्हलपरमधून रोल बाहेर निघाला, आता हायपो हवा. बाटल्या चाचपतो तर तिन्ही सारख्या! रबरं मीच काढून पाकिटांच्या गठ्ठ्यांना लावली होती. अॅसिडच्या सुतळीने एक फोटो टांगला होता. नाक सर्दीने बंद. पण बोट होतं, जीभ होती. बोट बुडवलं आणि लावलं जिभेला.

ते अॅसिड होतं. कडक.

माझी किंकाळी वरच्या माळ्यावर, आमच्या घरात गेली. धाकटी आली आणि खांद्याचा धक्का देऊन तिने कडी उखडली. जन्मात कधी रोल असताना दार न उघडणारी बाई! वर्गातली चाळीस पोरं उजेडात एका क्षणात काळी ठिक्कर. तिने रोलकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी मानगूट धरून तोंड नळाखाली घातलं.

"गिळू नकोस. चूळ भर. अजून. अजून."

मग बाटली पिशवीत घालून डॉक्टरकडे. काय लागलंय ते डॉक्टरला कळायला हवं, म्हणाली. डोकं बघा पोरीचं! आमच्याच घरातलं.

जिभेवर लिंबाएवढा फोड. डॉक्टरने सांगितलं, चार दिवस बोलायचं नाही. आई म्हणाली, "ते अॅसिड कुठे मिळतं? एक बाटली घरात असू दे."

घरी आल्यावर धाकटी समोर बसली. "मोजे तुला पण. चिमटे. पंखा. बाटल्यांना रबरं, आणि त्यांना हात लावायचा नाही. चाटणं बंद. मग मी येते. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण."

मी तोंड उघडलं. "आ," एवढंच निघालं.

"हो म्हणाला," आई म्हणाली.

डॉक्टरचे पंधरा दिवस भरले तशी ती मोजे घालून आत गेली आणि कडी लावली. नवी कडी, मीच बसवली. आता बोटं भरून आलीत. मोज्यांनी काम करणारी डार्करूम या बाजारात फक्त आमची, आणि मी गिऱ्हाइकांना ती मुद्दाम दाखवतो.

वर्गाचा फोटो पुन्हा काढायला गेलो तेव्हा मास्तरांनी विचारलं, "मागच्याचं काय झालं?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "दादाची जीभ मध्ये आली."