पोळ्याच्या फोटोतली ती बाई

चहा खाली ठेवा आधी, मग सांगते. एका फोटोपायी मी माझाच संसार मोडायले निघाली होती.

लग्नाले दीड वर्ष झालं होतं. सासर नेरजवळ, माहेर तिथून पाच कोस. त्या पावसाळ्यात माय अंगणात घसरली अन् पाय मोडून बाजेवर पडली. तिचा एकच निरोप: "जावयाची अन् तुही जोडी एकदा डोळ्यानं पाहू दे. माह्या जिवाचा भरोसा नाही."

पाय मोडल्यानं कोणी मरते काय? पण मले तीच धास्ती. घास गिळे ना.

पोळ्याच्या दिवशी यवतमाळचा एक फोटोवाला गावात आला. त्यानं स्वतः एक पेटी बनवली होती. तिपाईवर ठेवली का ती डावीकडून उजवीकडे हळूहळू मान फिरवे, अन् जे जे पाहे ते एकाच लांब कागदावर उतरे. आत म्हणे ग्रामोफोनची स्प्रिंग. सहा वर्षं त्या पेटीमागं खपला होता तो. बायको कटाळून माहेरी गेलती.

माझ्या सासऱ्यांनी इचारलं, "एवढे बैल एका फोटोत मावन काय?"

"बाबाजी, साध्या फोटोत काठावरचा माणूस कापल्या जाते. मले कोणालेच कापाचं नाही. अख्खं गाव घेतो. पेटी तुमच्याकडं पाहीन तवा फक्त हालू नका."

"अन् बैलाले कोण सांगन?"

"त्यायले मी सांगतो. ते ऐकतात."

अर्धा गोल करून सारे उभे राह्यले. डाव्या टोकाले आम्ही बाया, मधात गावभरचे सजवलेले बैल, अन् पार उजव्या टोकाले सासरे, माझा नवरा अन् आमचे दोन बैल. म्हणजे नवऱ्याची जोडी बैलांसंग. माझी कोठं? मायले मी दाखवू काय?

सासऱ्यांना सांगायची सोय नव्हती. त्यांच्यापुढं पदर हनुवटीपर्यंत, बोलणं तर दूरच.

सासू बाजूले होती. हळूच म्हणे, "पेटी आली का पदर वर घेजो. तुह्या मायले तोंड तर दिसू दे."

मी घेतला. पेटीनं माझ्याकडं पाह्यलं, मी श्वास रोखला. मग तिनं मान वळवली, बैलांकडं निघाली. अन् तितक्यात डोक्यात आलं: अरे, ती नवऱ्याच्या टोकाले अजून पोहोचलीच नाही!

साऱ्या बाया पेटीकडंच पाहत होत्या. निघाली मी. बैलांच्या मागून धावली. चिखल, शेण, शेपट्यांचे फटके. छातीत असं धडधडे का वाटे, सासऱ्यांना ऐकू जाईन. नवऱ्याजवळ पोहोचली, पदर हनुवटीपर्यंत ओढला अन् त्याले खेटून उभी राह्यली.

ओठ न हालवता तो बोलला, "तू इथं काहून?"

"चूप राहा. पेटी आली."

सासरे ताठ, नजर पेटीवर. त्यांनी मान फिरवायच्या आत मी परत बायांत. आता मायचा जीव शांत होईन, असं वाटून त्या रातीले पोटभर जेवली.

नवऱ्याच्या सांगण्यावरून फोटोवाल्यानं एक कागद परस्पर माझ्या भावाजवळ देला. आमच्या घरचा अजून यायचाच होता. अन् एका दुपारी अंगणात बैलगाडी येऊन थांबली. आत तणसावर माय, पायाले फळ्या बांधलेल्या. भाऊ गाडी हाकत होता, तोंड लाल.

"कोठं हाये ती?" माय गाडीतूनच बोलली.

"कोण वं माय?"

"तुही सवत."

तिनं तो लांब कागद सासूपुढं पसरला. "पाहा इहीणबाई. माही पोरगी त्या टोकाले, बायांत एकटी. अन् जावयाले खेटून ही कोण? तोंड झाकते! अन् आणली तरी कशी आणली? पदराले भोक!"

माझा हात आपोआप पदराकडं गेला. पोळ्याच्या सकाळी चुलीची ठिणगी पदरावर उडाली होती. ते भोक दिवसभर मी पदराच्या घडीत दाबून ठेवलं होतं. घाईत पदर हनुवटीपर्यंत ओढला, तवा ते समोर आलं असन.

सासूचा रंग उडाला. सासरे काठी टेकत नवऱ्यापुढं आले. "कोण आहे ही? बोलतो का नाही?"

नवऱ्यानं माझ्याकडं पाह्यलं अन् मान खाली घातली. बोलला असता तर त्याची सुटका होती. पण सून बाया सोडून माणसांत धावत गेली, हे सासऱ्यांना कळलं असतं. काठी वर जाऊन राह्यली होती.

मी आत गेली. तेच लुगडं नेसली, बाहेर आली, पदर हनुवटीपर्यंत ओढला अन् सगळ्यायच्या देखत नवऱ्याले खेटून उभी राह्यली. भोकातून माझा एक डोळा बाहेर.

माय फोटोकडं पाहे, माझ्याकडं पाहे, परत फोटोकडं पाहे.

"बैलामागून पळाली होती," नवरा पुटपुटला.

सासऱ्यांनी काठी खाली टेकली अन् भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांची पाठ गदगदा हालत होती.

मायनं कागदाची गुंडाळी केली. "चिखलापायी गाडी निघे ना, तर आठ दिवस बाजेवर पडून मी त्या बाईले शिव्या देल्या. फाटक्या पदराची, बेशरम, माणसात घुसणारी, बिनडोक." मग एक लांब सुस्कारा टाकला.

"एकबी वाया नाही गेली."