नकाशातली रिकामी जागा

मे महिना, २००९, मंगळवार. स्थळ: लखनौच्या वेशीवरच्या चिनहटमधल्या प्राथमिक शाळेचा व्हरांडा. हजर: मी, म्हणजे नियोजन विभागातली संशोधन अधिकारी; आराखडा करणाऱ्या संस्थेचे प्रमुख, म्हणजे आमचे मराठी माणूस असलेले प्रोफेसर; त्यांचे दोन सर्वेक्षक; लेखपाल, म्हणजे आपल्याकडचा तलाठी; प्रधान, म्हणजे सरपंच, नाहीत, त्यांचा पुतण्या; आणि मातीची भांडी करणारी साताठ कुटुंबं. त्या कुटुंबांत बोलणारी एकच बाई, तिला सगळे चाची म्हणत. गैरहजर: बँक. तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर शेवटी समोशांचं खोकं ठेवलं.

बैठक कशाची ते आधी सांगते. त्या भागाच्या आर्थिक विकासाचा आराखडा करायला सरकारी अनुदान आलं होतं. फक्त आराखडा करायला. त्यातून भट्टी होणार नव्हती, नाली होणार नव्हती, रस्ता तर नाहीच. सर्वेक्षण, नकाशे, बैठका, छपाई आणि चहापाणी, एवढंच त्यात बसत होतं. हे मी प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला स्पष्ट सांगायची. लोक माना डोलवायचे आणि लगेच नालीबद्दल बोलायला लागायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. सरकारी गाडीतून चार माणसं उतरतात, तुमच्या अडचणी काय म्हणून विचारतात, आणि ती नुसती लिहून घ्यायला आलेली आहेत, हे कुणाच्या डोक्यात येणार?

चाचीनं नाली मागितली नाही. ती पन्नाशीची, विधवा. नवरा गेल्यावर चाक दिराकडे गेलं आणि भट्टी तिच्याकडे राहिली. शाळेच्या मागे एक मोठा खोलगट खड्डा होता. पावसाळ्यात त्याचा तलाव व्हायचा, उन्हाळ्यात तो आटला की ही सगळी कुटुंबं तिथून वर्षाची माती काढून घरामागे ढीग लावायची. पुढच्या पावसात गाळ येऊन खड्डा पुन्हा भरायचा. फैजाबाद रोडनं प्लॉटिंग सरकत सरकत जवळ आलं होतं, रोज एका नव्या कॉलनीची पाटी लागत होती, आणि चाचीला धास्ती होती ती त्याची.

"हमें कुछ मत दीजिए, मैडम," ती म्हणाली. "बस वो गड्ढा हमारा रहने दीजिए।"

लेखपालानं सांगितलं की कागदावर तो तलाव नाहीच, परती आहे, पडीक जमीन. वर हसून म्हणाला, तुझा खड्डा कोण चोरून नेणार आहे, चाची? सगळे हसले. चाची हसली नाही. तिचं म्हणणं मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं आणि सगळ्यांना वाचूनही दाखवलं.

पण आराखडा इतिवृत्तावरून होत नाही, ठरलेल्या नमुन्यावरून होतो. सगळ्या जिल्ह्यांना तोच नमुना. कच्चा माल या शीर्षकाखाली तीन चौकटी होत्या: पुरेसा, अपुरा, अनुपलब्ध. माती घराच्या मागेच मिळते म्हटल्यावर सर्वेक्षकानं 'पुरेसा'वर खूण केली. 'पुरेसा' असेल तर पुढच्या रकान्यात उपाययोजना आवश्यक नाही, असं आपोआप यायचं. मातीबद्दल आराखड्यात आलं ते एवढंच.

प्रोफेसरांबद्दल सांगायला हवं. इथल्या विद्यापीठातून निवृत्त झालेले, आयुष्य लखनौत काढलेलं, पण बोलणं अजून पक्कं पुण्याचं. मी अमरावतीची. माझ्या 'करून राहिले'ला ते हसायचे, त्यांच्या 'बरं का'ला मी. ते मला ताई म्हणत, मी त्यांना सर. बैठकीत आम्ही दोघं मराठीत बोलायला लागलो की बाकीच्यांना वाटायचं, यांचं काहीतरी शिजतंय. खरं तर आम्ही बहुतेक वेळा इथल्या पोह्यांना नावं ठेवत असायचो. हा आपला माणूस आहे, असं मी धरून चालले होते.

हिवाळ्यात सादरीकरण झालं. पडद्यावर नकाशा आला आणि त्यावर एक लाल ठिपका: कुंभारकाम सुविधा केंद्र. प्रशिक्षणाचा हॉल, विजेची चाकं, सामायिक भट्टी, विक्रीची खोली. जागा: शाळेमागील रिकामी जमीन. मी खुर्चीत पुढे सरकून पुन्हा पाहिलं. खड्डाच होता तो. उपग्रहाचं चित्र मे महिन्यातलं घेतलं होतं, कारण मेमध्ये आकाश स्वच्छ असतं. मेमध्ये तिथे पाणी नसतं, वरून पाहिलं तर नुसतं धुळीचं मैदान. लेखपालाच्या कागदात परती, चित्रात मोकळं. दोन्ही जुळलं म्हणून सर्वेक्षक खूश.

चहाच्या वेळी मी सरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"सर, ती जागा रिकामी नाही. कुंभारांची माती तिथूनच निघते. भांड्यांचं केंद्र तुम्ही भांड्यांच्या मातीवरच ठेवलंत."

त्यांनी वाद घातला नाही. साखर ढवळत राहिले.

"तुमचं बरोबर असेल, ताई. पण आता ठिपका हलवायचा म्हणजे जागा नवी, दाखला नवा, समितीची मंजुरी नवी. मार्च आला बरं का. अनुदान लॅप्स झालं तर चाचीच्या हाती काय लागणार? मंजूर होऊ द्या. मग शुद्धिपत्रक काढू."

"काढाल?"

"लिहून द्या ना. तुम्हाला काय, सगळं लिहून ठेवायची हौसच आहे."

त्याच दुपारी मी टिपण दिलं, सोबत इतिवृत्त जोडलं. टिपण वर गेलं आणि शेरा घेऊन खाली आलं: आराखडा छापून झाल्यावर विचार व्हावा. आराखडा छापला गेला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर चाचीचे ओल्या मातीने भरलेले हात. मी पुन्हा टिपण दिलं. या वेळी शेरा आला: छापील आराखड्यात बदल करता येत नाही.

तरीही मी फार घाबरले नव्हते. आमचे आराखडे कपाटात जातात आणि तिथेच राहतात, हा आजवरचा अनुभव. हाही जाईल, खड्डा वाचेल, असा माझा हिशेब. पण माझ्या नोकरीत एकच आराखडा जसाच्या तसा अमलात आला, तो हा. दुसऱ्या कुठल्याशा योजनेतून इमारतीला पैसे मिळाले आणि मलब्याचे ट्रक शाळेमागच्या खड्ड्यात रिकामे व्हायला लागले.

चाची टेम्पो बदलत ऑफिसात आली. माझ्या टेबलासमोर बसली, पाणी प्यायली.

"आपने तो लिखा था न, मैडम?"

"लिखा था, चाची।"

"तो पढ़ा किसने?"

मी तिला घेऊन सरांच्या संस्थेत गेले. त्यांनी अदबीनं बसवलं, चहा मागवला, केंद्रात प्रशिक्षक म्हणून तिचं नाव सुचवू म्हणाले. जाताना आराखड्याची एक प्रत तिला भेट दिली. तिनं मुखपृष्ठावरचे स्वतःचे हात पाहिले, प्रत टेबलावर ठेवली आणि उठली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली की साहेब भले दिसतात. यात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

रात्री जेवताना इंदिरा नगरच्या घरी मी हे सांगत होते. नवरा एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. चित्र पावसाळ्यातलं का नाही घेतलं, त्यानं विचारलं. पावसाळ्यात ढग असतात, मी म्हटलं. मुलगी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. ती वरण वाढून घेत म्हणाली, "मतलब मम्मी, तालाब आप लोगों ने ही पटवाया।" आम्ही नाही, वरच्यांनी बुजवला, असं मी म्हणायला गेले, पण तिचं लक्ष वरणाकडे होतं.

केंद्र उभं राहिलं. विजेच्या चाकांवर कव्हरं चढली ती बराच काळ उतरली नाहीत. प्रशिक्षण झालं ते दिव्यांना रंग लावायचं, आणि दिवे बाहेरून आणलेले. माती लांबून ट्रॉलीनं विकत घ्यावी लागायला लागली, आणि कुल्हडच्या, म्हणजे चहाच्या मातीच्या कपांच्या, भावात ती कुणालाच परवडेना. दिरानं चाक सोडलं; तो हमरस्त्यावर खुर्ज्याच्या कारखान्यातले चिनीमातीचे मग विकायला बसला. चाचीची भट्टी आधी बारमाही होती, मग फक्त दिवाळीपुरती पेटायची, मग तीही थांबली. माझ्यासारख्या बाईनं नोकरी सोडली तर तिला दुसरी मिळते. चाचीला कुणी विचारलंही नाही की आता काय करतेस.

काही वर्षांनी नवं अनुदान आलं, नव्या नावानं. सर तोवर मुलाकडे पुण्याला गेले होते. तिथून रोज फुलांचं चित्र आणि सुप्रभात पाठवतात. मी उत्तर देत नाही. नवे सल्लागार तरुण, हातात टॅब, बैठक त्याच केंद्राच्या हॉलमध्ये. चाची आली आणि खुर्ची सोडून भिंतीशी जमिनीवर बसली. एका सर्वेक्षकानं फार आदरानं विचारलं, पहिले मिट्टी कहाँ से आती थी, अम्मा?

"जिस पर बैठे हैं, उसके नीचे है," चाची म्हणाली.

त्यानं ते टाइप केलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

नव्या आराखड्यात अडचणींच्या यादीत पहिलीच अडचण आहे: कच्च्या मालाची स्थानिक अनुपलब्धता. उपाय: पर्यायी जमीन शोधून कुंभारांसाठी राखून ठेवणे. हे काम माझ्याकडे आलं, आणि या वेळी मी कुणाच्या भरवशावर राहिले नाही. नव्या लेखपालाकडून शोधून घेतलं. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडे पावसाचं पाणी साठणारा एक खोलगट तुकडा आहे, कागदावर परती. तो आटलेला असताना पाहायचा, खणून माती काढायची आणि पारखायला चाचीच्या हातात द्यायची, एवढंच ठरलंय. पहिल्या वर्षी लेखपाल निवडणुकीच्या ड्यूटीवर होते, नंतर संप, नंतर पाऊस. चाचीची सून अधूनमधून फोन करायची, मैडम, कब चलना है? हल्ली तिचाही येत नाही. लेखपाल म्हणतात पुढच्या आठवड्यात नक्की. पलीकडच्या शेतापर्यंत प्लॉटिंगचे खांब आले आहेत, आणि ती जागा पाहायची अजून बाकी आहे.