चाकाचं कुलूप

बी.ए.च्या शेवटच्या पेपरला मी धाकट्या काकांच्या जीपमधून गेले. हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता. आमचं गाव गोरेगावपासून आत आहे. दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे. काका गोरेगाव ते हिंगोली जीप चालवायचे. कॉलेजची तिन्ही वर्षं मी त्याच जीपच्या पुढच्या सीटवर बसून गेले. ती जागा काका माझ्यासाठी राखून ठेवायचे. कुणी कुरकुर केलीच तर म्हणायचे, "ती कालेजची सीट हाय."

त्या वर्षी मला एक स्थळ आलं होतं. पाहुण्यांना घाई होती. दादांनी त्यांना एवढंच सांगितलं, "पोरीची परीक्षा होऊ द्या. पास झाली तर ती म्हणंल ते." नापास झाले तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना कळलं होतं. मला पुढे शिकायचं होतं आणि एक पेपर राहिला होता.

पेपरच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. वाटेत एका पुलाचं काम चालू होतं, म्हणून गाड्या शेतातून वळवल्या होत्या. काळी जमीन भिजली होती. बरोबर मध्यावर जीप बसली.

काका निवांत होते. "फोर टाकतो," म्हणाले. जीप सरकारी लिलावातली, चारही चाकांना ओढ देणारी. गिअरच्या बाजूला तिची वेगळी दांडी होती. काकांनी ती ओढली, गाडी रेस केली. मागची चाकं गरागरा फिरली आणि खाली उतरून मागे उभ्या राहिलेल्या एका म्हातारीचं लुगडं चिखलानं भरलं. पुढची चाकं जागची हलली नाहीत.

"अरे मुडद्या, मला काहून रंगवून राहिला?" म्हातारी ओरडली.

काकांनी दांडी सोडली, पुन्हा टाकली. थोडं मागे घेऊन पाहिलं. पुन्हा तेच. पाठीमागे एक मेंढपाळ बोकड घेऊन बसला होता, बाजारात विकायला निघालेला. तो खाली उतरून म्हणाला, "डायवर, चार चाकं हायेत म्हणता, पर दोनच कामावर दिसून राहिलीत. बाकीची काय रजेवर हायेत?"

सगळे हसले. मला हसू येईना. ढकलून पाहिलं, तर पाय पोटरीपर्यंत आत जात होते. चालत हिंगोली गाठणं शक्य नव्हतं.

काका पुन्हा स्टिअरिंगवर बसले. मग मला म्हणाले, "माय, तू बाजूनं वाकून पाह्य. मी रेस करतो. खाली काय फिरून राहिलं ते सांग."

मी लांबूनच वाकले. गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा पुढच्या चाकांकडे जातो, तो जोरात फिरत होता. चाकं मात्र थंड.

"काका, दांडा फिरतोय. चाक फिरंना."

"मंजी दांडी पडली बराबर. बैल चालून राहिला, गाडीच चालंना."

"जू सुटलं असंल," मेंढपाळ म्हणाला. तो थट्टेनंच म्हणाला होता. पण मी पुढच्या चाकाच्या मधोमध पाहिलं. तिथे एक गोल खटका असतो. चिखल पुसला तर इंग्रजी अक्षरं निघाली. एका बाजूला 'फ्री', दुसऱ्या बाजूला 'लॉक'. बाण फ्रीवर होता.

"काका, हे लॉकवर करून पाहू का?"

"हात लावू नको!" काका उडी मारून आले. "लिलावात त्यांच्या डायवरनं सांगितलंय, फ्रीवर राहू दे, डिझेल कमी लागतं. लॉक मंजी कुलूप. चाकाला कुलूप घातलं तर गाडी हलंल का?"

लॉकचा अर्थ मलाही शाळेत कुलूप असाच शिकवला होता. आम्ही दोघं त्या खटक्याकडे पाहत राहिलो. चाक फिरायला पाहिजे आणि वर लिहिलंय कुलूप. म्हातारी लुगडं झटकत म्हणाली, "कुलूप घाला न्हाई तर उघडा, पर लेकराचा पेपर हाय नं?"

तेव्हा माझ्या डोक्यात मेंढपाळाचं जू आलं. मी म्हणाले, "काका, हे कुलूप चाक अडवायचं न्हाई. दांड्याला चाक जुंपायचं हाय. फ्री मंजी सोडलेलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग खटक्याकडे. "जुंपायचं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पक्कड आणायला वळले.

खटका वर्षानुवर्षं फिरवलेलाच नव्हता. मेंढपाळानं बोकडाची दोरी म्हातारीच्या हातात दिली आणि पक्कडीला हात लावला. एका चाकाचा खटका वळला. दुसऱ्याला जास्त जोर लावावा लागला. काकांनी गाडी जराशी हलवली, आतून कट्ट आवाज आला. मग पुढची चाकं फिरली, चिखलात दात रोवल्यासारखी, आणि जीप हळूहळू वर आली. बोकड ओरडला. म्हातारीनं काकांच्या पाठीत धपाटा घातला.

हिंगोलीत बाजार आधी येतो, कॉलेज नंतर. मेंढपाळ म्हणाला, "आधी कालेजला घ्या. बोकड पुढच्या बाजारी बी इकंल, पेपर इकत भेटत न्हाई." म्हातारीनंही मान डोलावली. त्या दोघांना मी पुन्हा कधी भेटले नाही.

पेपर सुरू झाला होता. सरांनी माझे हातपाय पाहिले, म्हणाले, "नळावर धुऊन या. मी पेपर काढून ठेवतो." रागावले नाहीत. मी सगळे प्रश्न लिहिले.

बाहेर आले तर काका फाटकापाशीच होते, एकही फेरी न करता. दोन्ही खटके धुऊन पुसून त्यांनी एका पेंटरकडून वर मराठीत लिहून घेतलं होतं: 'जुंपा' आणि 'सोडा'.

निकाल लागला, मी पास झाले. दादांनी शब्द पाळला. पाहुण्यांना नकार कळवला आणि मला विचारलं, "आता पुढचं काय?" मी बी.एड. म्हणाले. आज मी शिकवते.

पुढे काकांनी जीप विकली. घेणाऱ्यानं चाकाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय लिवलंय?"

काका म्हणाले, "इंग्रजी हाय ते. आमच्या पोरीनं मराठीत केलंय."