पाट्या बघायला निघालो तो दिवस

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. गावोगावच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहायचं काम माझ्या मित्राला मिळालं होतं. तो पेंटर. यंदा तो गेला, म्हणून हे लिहितो आहे.

दुष्काळाचं वर्ष होतं. एका रविवारी आम्ही चौघं त्याच्या पाट्या बघायला उदगीरच्या रस्त्याला लागलो. प्रत्येकाच्या कॅरिअरला पाण्याचा डबा. पाटी आली की तो सायकल थांबवून स्वतःचं अक्षर लांबून बघायचा आणि नाक मुरडायचा. दुपारपर्यंत चारही डबे रिकामे झाले.

एका गावाबाहेर विहीर दिसली. आम्ही टेकलो न टेकलो तोच पाच-सहा माणसं धावत आली.

"परवा बी हेच आलते. डबे भरून नेले."

उलट्या कुऱ्हाडीनं त्यांनी डबे चेचले. दोघा मित्रांना खाली पाडून लाथांनी तुडवलं. मी सायकलचा पंप हातात धरून उभा होतो.

पेंटर मात्र बोलत राहिला. "मामा, आता आपण एकाच जिल्ह्याचे. वेशीवरची पाटी मीच रंगवली की."

"जिल्हा झाला म्हणून आमची हीर तुमची झाली व्हय गा?" कुऱ्हाडवाला म्हातारा म्हणाला.

"न्हाई मामा. घोटभर द्या, पुढच्या खेपेला तुमचं नाव पाटीवर घालतो."

कुणीतरी हसलं. लाथा थांबल्या. म्हाताऱ्यानं कुऱ्हाड टाकली आणि तो खाली वाकला. तिथं एक काठी पडली होती. मी पंप त्याच्या तोंडावर मारला. नंतर आणखी एकदा.

मग माझ्यावर काठी आली. पेंटरनं मध्ये हात घातला. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. काठ्या तरीही पडतच राहिल्या. एक बाई बादलीवर पदर पसरून ओरडत होती, "पाण्यात रगत पडू देऊ नका." म्हाताऱ्यानं तोंड धुवायला ओंजळभर पाणी घेतलं. चूळ भरली, पण थुंकला नाही. दातांच्या रक्तासकट गिळून टाकली.

त्यानंतर कुणी कुणाला मारलं नाही. आम्हाला जाऊ दिलं.

पेंटरला पुढच्या दांडीवर बसवून मी परत निघालो. त्याचा उजवा हात मनगटाच्या वर वाकडा लोंबत होता. वाटेत तो म्हणाला, "म्हातारा बादलीसाठी वाकला होता रे. पाणी देत होता."

"मला काठी दिसली," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "चढ आला, उतरू का?"

हाड वाकडंच जुळलं. उरलेल्या गावांच्या पाट्या दुसऱ्या पेंटरनं रंगवल्या. माझ्या मित्रानं किराणा दुकान टाकलं. हात कशानं मोडला असं कुणी विचारलं, की तो माझ्यासमोरच सांगायचा, सायकलवरून पडलो. मी मान हलवायचो. परवा त्याच्या मुलानं तेच विचारलं, तेव्हाही मी मान हलवली.