पेनड्राइव्हच्या टोकाला कुंकू

मोठ्या सावकारांचं आणि भावकूचं ते भांडण रुक्माबाईनं मोरीत कपबश्या विसळता विसळता ऐकलं होतं. नळाचा आवाज मधे यायला लागला म्हणून तिनं नळ बंद केला, खोटं कशाला सांगा. त्याला आता अठरा-एकोणीस वर्षं झाली. उद्यमबागेतल्या त्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, त्या आठवड्यात पहिला कॉम्प्युटर आला होता आणि सावकारांनी, कारखान्याच्या मालकांनी, भावकूला सांगितलं होतं, सगळे पॅटर्न त्यात घाल. पॅटर्न म्हणजे ओतकामाआधी वाळूत दाबायचे लाकडी नमुने. कुठला कुठल्या फळीवर आहे, कुठल्या गिऱ्हाइकाचा, किती वेळा दुरुस्त झालाय, हे सगळं कंग्राळीच्या भावकूच्या डोक्यात असायचं. डोक्यात मावायचं नाही ते एका लांबड्या वहीत.

"घालतो की," भावकू म्हणत होता. "पर मग माझं काय काम ऱ्हातंय सावकार? डोस्कं काढून त्या डब्यात ठेवायचं आन् मी घरला जायचं?"

सावकारांचा आवाज चढला. "आरं, त्यो डबा चालवायचा कुणी? मी? त्यो हाय तवर तू हाईस. जा, शीक जा."

भावकू तीन दिवस त्या डब्याकडं फिरकला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या क्लासला जाऊन बसला, दहावी नापास माणूस कॉलेजच्या पोरापोरींच्या मधे. दोन बोटांनी टाईप करत दीड वर्षात त्यानं अकराशे पॅटर्न त्यात घातले. पुढं त्यावर ड्रॉइंग काढायलाही शिकला. डबा उघडून ब्रशनं धूळ काढायचा. त्याला हात लावू द्यायचा तो एकट्या रुक्माबाईला. ती पिरनवाडीहून यायची, चहा आणि झाडलोट करायची. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण धूळ कुठं बसते हे तिला इंजिनियरपेक्षा जास्त कळायचं. भावकू तिला आक्का म्हणायचा.

खंडेनवमीला भट्टीची पूजा व्हायची, लेथची व्हायची, तशी भावकू आपल्या कॉम्प्युटरचीही करायचा. डब्याच्या तोंडावर हळदकुंकवाची पाच बोटं, वर झेंडूचं फूल, आणि नारळ फोडला की त्याचं पाणी चार बोटांनी शिंपडायचं. एकदा कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस बघून हसला. भावकू त्याला म्हणाला, "तुमच्या दुकानातली पाच वर्सांत मरत्यात. ह्ये बगा, अजून जितं हाय."

मोठे सावकार वारले. विक्रमसर आले, काचेची केबिन आली, लॅपटॉप आले, लॅपटॉप घेऊन रचना नावाची इंजिनियर आली. जुना डबा भिंतीला टेकून होता तसाच राहिला, कारण अकराशे पॅटर्न त्यातच होते. भावकूनं त्यांची कॉपी कधी कुणाला दिली नव्हती. मागितली की म्हणायचा, बघू, देऊ. का, ते रुक्माबाईला ठाऊक होतं. तिनं नळ बंद करून ऐकलं होतं ना.

यंदा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि डबा सुरूच होईना. काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, लुकलुक करणारी. नेमकं सोमवारी पुण्याचं जुनं गिऱ्हाईक यायचं होतं आणि त्याच्या पंपाचं ड्रॉइंग आत. विक्रमसर ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की काका, एवढ्या वर्षांत तुम्ही कॉपी का काढली नाहीत? आणि निघालं नाही तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ते तुम्हीच सांगा.

रचना म्हणाली, आतलं सगळं बहुतेक जिवंत असेल, फक्त डब्याला उठता येत नाहीये. त्याला पेनड्राइव्हवरून उठवू, मग आतलं बाहेर काढू. तिनं पेनड्राइव्ह करून दिला. बुधवारी तो चाललाच नाही. नव्या मशिनांसाठी केलेला, म्हाताऱ्या डब्याला ओळखेना. तिनं कुणाला तरी फोन करून जुन्या पद्धतीचा दुसरा केला. गुरुवारी भावकूनं डबा सुरू होताना बटण दाबून त्याला सांगितलं, आधी पेनड्राइव्हकडं बघ. तरी नाही. संध्याकाळी रुक्माबाईनं रोजच्यासारखा मेन स्विच बंद केला, आणि सकाळी डबा सांगितलेलं सगळं विसरून बसला होता. तारीख तर तो मोठे सावकार जिते होते तेव्हाची दाखवत होता. आतला रुपयाएवढा सेल मेलेला. भावकूनं घड्याळाच्या दुकानातून नवा आणून बसवला. डब्याला आता सांगितलेलं आठवायला लागलं, पण पेनड्राइव्ह काही दिसेना.

शुक्रवारी चहा देताना रुक्माबाईनं हळूच विचारलं, "न्हाय निघालं तर?"

"तर माझी चूक."

"आन् निघालं तर?"

भावकूनं साखर ढवळली. विरघळून गेली तरी ढवळत राहिला.

"मेलं म्हणून सांग की रं," ती म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मेल्यालं न्हाय त्येला मेलं कसं म्हनू, आक्का?"

ती कप घेऊन गेली. माणसाला अकराशे लेकरं असली की असंच व्हायचं, असं तिच्या मनात आलं, आणि रागही आला.

शनिवारी सकाळी त्यानं पेनड्राइव्ह पुन्हा डब्याच्या तोंडाकडच्या भोकात घातला. पुन्हा काळा पडदा. त्यानं तो उपसून तिच्या ट्रेशेजारी ठेवला. जिचा जन्म पुसण्यात गेला तिला डाग दिसल्याशिवाय कसा राहील?

"भावकू, ह्येच्या टोकाला कुंकू कसं रं?"

तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

भावकूनं टोक डोळ्याजवळ धरलं. मग मोबाईलची बत्ती लावून भोकात बघितलं. पुढची दोन्ही भोकं अठरा खंडेनवम्यांच्या हळदकुंकवानं आणि नारळाच्या पाण्यानं लिंपून निघाली होती. ते थर त्यानं स्वतःच्या बोटांनी दिले होते. तो आधी हसला. मग टेबल भिंतीपासून ओढलं, डबा फिरवला, मागच्या भोकावर फुंकर मारली आणि पेनड्राइव्ह तिथं घातला. पडदा निळा झाला. थोड्या वेळानं त्यावर पॅटर्नची यादी वर सरकायला लागली, एकाखाली एक. भावकू त्यांना नंबरानं नाही, नावानं ओळखत होता. चार वाजेपर्यंत सगळं रचनाच्या लॅपटॉपमध्ये गेलं, आणि शिवाय आणखी दोन ठिकाणी.

विक्रमसर आले आणि रचनाला शाबासकी दिली. तिनं भल्या मनानं सांगितलं, की सगळं काकांनीच केलं, आणि कुंकवाची गंमतही सांगितली. सगळं ऑफिस हसलं. सरांनी त्या लाल टोकाचा फोटो काढला. भावकूही हसत होता. रुक्माबाई मोरीत गेली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुतले.

महिनाअखेरीला त्याला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून आवाज येत नाही. नुसते सरांचे हात हलताना दिसत होते आणि भावकू मान डोलवत होता. बाहेर येऊन त्यानं सांगितलं, की पॅटर्नचं आता रचनाबाई बघतील, आपण शनिवारपर्यंतच कामावर.

"माझी जीब झडली का न्हाय त्या दिवशी," रुक्माबाई म्हणाली.

"मागच्या भोकात मी आज न्हाय तर उद्या घातलंच असतं, आक्का."

तिला ते पटलं नाही. चार दिवस तो पुढच्याच भोकात घालत बसला होता.

शेवटच्या शनिवारी सुट्टीच्या आधी सरांनी त्याच्या हातात एक ड्रॉइंग दिलं. लाकडी पॅटर्न करणाऱ्या रवळू सुताराकडं पोचवायचं, दुसऱ्या प्रतीवर त्याची सही आणायची. असे कागद इतकी वर्षं तोच पोचवत आला होता. रवळूची शेड तीन दारं पलीकडं. रुक्माबाई बस पकडायला निघालीच होती, ती बरोबर गेली आणि पिशवी धरून दारात थांबली.

भावकूनं कागद फळीवर पसरला. कडेला कानासारख्या बाहेर आलेल्या भागावर बोट ठेवलं. "ह्या कानाला अर्धा सूत जादा ठेव. लोखंड थंड हुताना हितं आत वढतंय."

"कागदात न्हाय ते," रवळू म्हणाला. "सोमवारी रचनाबाई इचारतील मला."

"दरवेळी ठेवतोस की रं. ठेव."

रवळूनं कानावरची पेन्सिल काढून लाकडावर खूण केली. कागदावर दोघांपैकी कुणी काही लिहिलं नाही. मग त्यानं दुसऱ्या प्रतीवर सही केली. भावकूनं ती फुंकून वाळवली, घडी घातली.

रुक्माबाई म्हणाली, राहू दे आता, कुणाकडं तरी दे, बस चुकेल. तू हो पुढं, भावकू म्हणाला, आणि उलट्या पावली ऑफिसकडं गेला. सरांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये सहीचा कागद ठेवला, उडू नये म्हणून वर पंचिंग मशीन ठेवलं, आणि पोचवलेल्या कागदांच्या वहीत वेळ लिहिली, पाच वाजून चाळीस.