पंखेवाल्याचा कान

पंख्यांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधून देण्यात पंखेवाल्याची हयात गेली. पंखा नुसता ऐकून त्याचं दुखणं सांगायचा. पण खरा जीव बुद्धिबळात. वर्षानुवर्षं खपून त्याने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला. पोरांपेक्षा याचेच लाड जास्त, अशी बायको कुरकुरायची. जोडीला साडू होता, जिभेवर साखर ठेवलेला. रोज शेजारी बसायचा, चहा ढोसायचा आणि सुरुवातीच्या चालींचं पुस्तक प्रोग्रॅममध्ये भरायचा.

हे पुस्तक म्हणजे माणसांनी आधीच शोधून ठेवलेल्या चाली. प्रोग्रॅमने त्या घोकायच्या आणि ओकायच्या. अशा प्रोग्रॅमांची स्पर्धा भरवणाऱ्या क्लबच्या सभेत पंखेवाल्याने भांडून नियम करून घेतला, की पुस्तक आठ चालींपुरतंच, पुढे प्रोग्रॅमने आपलं डोकं चालवायचं. घोकून काय, पोपटही बोलतो! पाठिंब्याला पहिला हात साडूचाच वर गेला होता.

स्पर्धेच्या अंतिम डावात साडू प्रोग्रॅम सांगेल तशी मोहरी हलवत होता, पंखेवाला मागे बसला होता. कॉम्प्युटर विचार करू लागला की तापतो आणि आतला पंखा घोंघावतो. नववी चाल झाली, बारावी झाली, पंखा आपला गप्प. उत्तरं मात्र पटापट. चौदाव्या चालीला उंट पटाच्या कोपऱ्यात गेला तशी लोकांनी वाहवा केली. पंखेवाल्याने मात्र ओळखलं, यंत्र विचार करतच नव्हतं, अजून पुस्तकातलंच ओकत होतं.

पुस्तक आठ चालींपुढे भरलंत का, असं त्याने वाकून साडूला विचारलं. साडूने आधी उडवाउडवी केली, मग हळूच म्हणाला, "जिंकतोय ना? तुमच्या यंत्राच्या अकलेवर विसंबलो असतो, तर केव्हाच आडवे झालो असतो."

नियम मोडला तो मोडलाच. पण इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून बसलेल्या या माणसाचा त्याच्या कामावर एक दिवसही विश्वास नव्हता! ते मात्र काळजात रुतलं.

पंखेवाल्याने जाऊन पंचांना सांगितलं. डाव बाद झाला. लोकांनी त्याला खुळ्यात काढलं. साडू तोंड फिरवून निघून गेला.

मग त्याने पुस्तक पुसून टाकलं आणि चौदाव्या चालीआधीचा तोच डाव प्रोग्रॅमपुढे मांडला. पंखा घुमू लागला, बराच वेळ घुमत राहिला. शेवटी पडद्यावर चाल उमटली. तोच उंट, त्याच कोपऱ्यात.

"बघा साडूभाऊ, बघा," म्हणत त्याने सवयीने मान वळवली. शेजारची खुर्ची रिकामी होती.